पत अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही

घर घेण्याचा विचार पक्का झाला की मध्यमवर्गीय कुटुंबात दोन आकड्यांची चर्चा सुरू होते. पहिला आकडा सदनिकेच्या किमतीचा आणि दुसरा ‘सिबिल’चा. पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या धायरीसारख्या उपनगरात ही चर्चा अधिक ऐकू येते. धायरी हे मूळचे हवेली तालुक्यातील जुने गाव. धायरेश्वराचे मंदिर ही त्याची परंपरागत ओळख. ऑक्टोबर २०१७ मध्ये जी ११ गावे पुणे महापालिकेच्या हद्दीत आली, त्यांत धायरीच्या उर्वरित भागाचा समावेश होता. मुंबई-बंगळूरु महामार्गाचे सान्निध्य, लगतच्या नऱ्हे परिसरातील लहान-मोठे कारखाने आणि मध्यवर्ती पेठांच्या मानाने आवाक्यातील घरे यांमुळे पहिले घर शोधणाऱ्यांची पावले या भागाकडे वळली. पहिले घर म्हणजे बहुधा गृहकर्ज, आणि गृहकर्ज म्हणजे पत अहवाल हे समीकरण आता रूढ झाले आहे.

या अहवालाविषयी एक भीती मात्र अजून गेलेली नाही. ‘स्वतःचा अहवाल वारंवार पाहिला तर गुण कमी होतात, म्हणून कर्ज लागेल तेव्हाच बँकेला पाहू द्यावे,’ असा सल्ला शेजारीपाजारी आणि कार्यालयातील सहकारी बिनदिक्कत देत असतात. हा सल्ला चुकीचा आहे. एखाद्या व्यक्तीने स्वतःचा पत अहवाल स्वतः मागवला, तर त्याचा पतगुणांकावर कोणताही परिणाम होत नाही; मग तो वर्षातून एकदा मागवलेला असो वा दहा वेळा. उलट, या भीतीपोटी अहवाल न पाहिल्याने त्यातील चुका ऐन कर्जाच्या वेळी उघड होतात आणि त्या निस्तरण्यास पुरेसा अवधी उरत नाही. यासाठी अहवाल तयार कसा होतो, तो कोण पाहू शकतो आणि कोणत्या पाहण्याची नोंद गुणांकावर उमटते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

व्यवस्थेचा उगम

‘सिबिल’ हा शब्द आज पतगुणांकाला पर्यायी शब्द म्हणून वापरला जात असला, तरी मुळात तो एका कंपनीच्या नावाचा संक्षेप आहे. कर्जदारांची माहिती बँकांना परस्परांत वाटून घेता यावी, यासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या एन. एच. सिद्दीकी यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९९९ मध्ये शिफारशी केल्या. त्यांना अनुसरून २००० मध्ये क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड ही कंपनी मुंबईत स्थापन झाली. व्यक्तिगत कर्जदारांविषयीचे तिचे काम २००४ मध्ये सुरू झाले. आज ही कंपनी ट्रान्सयुनियन सिबिल या नावाने ओळखली जाते.

या व्यवहाराला कायद्याची चौकट मिळाली ती ‘पत माहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५’मुळे. हा कायदा डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला. त्यानंतर इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि हाय मार्क (आताची क्रिफ हाय मार्क) या कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेची नोंदणी मिळाली. म्हणजे देशात पत माहिती कंपन्या एक नसून चार आहेत. जानेवारी २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व पतसंस्थात्मक कर्जदात्यांना, म्हणजे बँका आणि बिगर बँकिंग वित्तीय कंपन्यांना, या चारही कंपन्यांचे सभासद होण्याचा आदेश दिला. त्यामुळे एकाच कर्जाची माहिती आता चारही ठिकाणी जाते.

या कंपन्या स्वतः कर्ज देत नाहीत आणि कुणाला कर्ज द्यावे वा नाकारावे, हेही ठरवत नाहीत. बँका पाठवतात ती माहिती संकलित करणे, तिचा अहवाल करणे आणि त्यावरून गुणांक काढणे एवढेच त्यांचे काम. कर्ज देण्याचा निर्णय सर्वस्वी बँकेचा असतो. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती किमान पंधरवड्याला अद्ययावत करणे बंधनकारक झाले.

अहवालात काय असते?

पत अहवालाचे स्थूलमानाने चार भाग पडतात. पहिल्या भागात नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक, दूरध्वनी आणि पत्ते असतात. दुसऱ्या भागात प्रत्येक कर्जाचे आणि क्रेडिट कार्डाचे खाते, मंजूर रक्कम, शिल्लक रक्कम आणि खात्याची स्थिती दिलेली असते. तिसरा भाग परतफेडीच्या इतिहासाचा. यात गेल्या ३६ महिन्यांपर्यंतचा महिनावार तक्ता असतो. हप्ता वेळेवर भरला असेल तर ‘०००’ आणि ३० दिवस थकला असेल तर ‘०३०’ अशा आकड्यांत तो मांडलेला असतो. ‘एक्सएक्सएक्स’ अशी खूण दिसल्यास त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलेली नाही, असा तिचा अर्थ. तिला थकबाकी समजून घाबरण्याचे कारण नाही. चौथा भाग चौकशांचा. कोणत्या बँकेने, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रकारच्या आणि किती रकमेच्या कर्जासाठी हा अहवाल मागवला, याची ती यादी असते.

या सर्व माहितीवरून ३०० ते ९०० या दरम्यान गुणांक काढला जातो. ७५० च्या पुढील गुणांक सामान्यतः चांगला समजला जातो. तथापि प्रत्येक बँकेची मर्यादा निराळी असते. गुणांकाचे नेमके सूत्र कंपन्या जाहीर करत नाहीत. परंतु वेळेवर परतफेड, क्रेडिट कार्डाच्या मर्यादेचा किती भाग वापरला, कर्जे किती जुनी आणि कोणत्या प्रकारची आहेत, आणि अलीकडे नव्या कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले, हे त्यातील प्रमुख घटक आहेत. यांपैकी परतफेडीची शिस्त हा सर्वांत वजनदार घटक होय.

दोन प्रकारच्या चौकशा

गैरसमजाचे मूळ या चौथ्या भागात आहे. अहवाल दोन प्रकारे उघडला जातो. कर्जाचा वा क्रेडिट कार्डाचा अर्ज आल्यावर बँक तो मागवते, ही एक पद्धत. व्यवहारात तिला ‘हार्ड इन्क्वायरी’ म्हणतात. व्यक्ती स्वतःचा अहवाल स्वतःसाठी मागवते, ही दुसरी. तिला ‘सॉफ्ट इन्क्वायरी’ म्हणतात.

पहिल्या प्रकारच्या चौकशीची नोंद अहवालात राहते आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक बँकेला ती दिसते. थोड्या काळात अशा नोंदी अनेक झाल्या, तर अर्जदार पैशांसाठी दारोदार फिरत आहे, असा अर्थ काढला जातो आणि गुणांक थोडा उतरतो. यामागील तर्क सरळ आहे. एकाच वेळी अनेक ठिकाणी कर्ज मागणारा माणूस अडचणीत असण्याची किंवा पेलवणार नाही इतके कर्ज उचलण्याची शक्यता अधिक असते. एखाद-दुसऱ्या चौकशीचा परिणाम किरकोळ असतो आणि नियमित परतफेडीबरोबर तो ओसरतो.

दुसऱ्या प्रकारात मात्र कर्जाची मागणीच झालेली नसते. आपल्या बँकखात्याचे पासबुक भरून घेतल्याने शिल्लक कमी होत नाही, त्यातलाच हा प्रकार. स्वतःच्या अहवालाची मागणी कर्जदात्याच्या चौकशांच्या यादीत धरली जात नाही आणि गुणांक काढताना विचारात घेतली जात नाही. शिवाय स्वतःचा अहवाल मिळणे ही कुणाची मेहेरबानी नव्हे. २००५ च्या कायद्याने कर्जदाराला दिलेला तो हक्क आहे. हक्क बजावल्याबद्दल गुण कापले जाण्याची तरतूद त्यात नाही.

मग गुणांक घटल्यासारखा का वाटतो?

‘आम्ही पाहिला आणि पुढच्या महिन्यात गुण कमी झाले,’ असा अनुभव सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. त्यांनी लावलेला कार्यकारणभाव तेवढा चुकीचा असतो. सामान्यतः लोक अहवाल पाहतात तो कर्ज घ्यायचे ठरल्यावर. त्याच पंधरवड्यात बांधकाम व्यावसायिकाच्या कार्यालयात बसलेला कर्ज प्रतिनिधी त्यांची कागदपत्रे तीन-चार बँकांकडे पाठवतो. प्रत्येक बँक आपापली चौकशी करते. गुण उतरतात ते या चौकशांमुळे. पण लक्षात राहते ते स्वतः पाहिल्याचे.

दुसरे कारण क्रेडिट कार्डाचे. समजा, कार्डाची मर्यादा १ लाख रुपये आहे आणि दिवाळीच्या खरेदीमुळे त्या महिन्याचे देयक ८० हजारांचे झाले. पूर्ण रक्कम मुदतीत भरली, तरी बँकेने पाठवलेल्या माहितीत मर्यादेचा ८० टक्के वापर दिसू शकतो आणि तेवढ्यापुरता गुणांक खाली येतो. नंतरच्या महिन्यांत वापर कमी झाला की तो सावरतो.

तिसरे कारण म्हणजे चार कंपन्यांचे चार गुणांक. प्रत्येक कंपनीची गणनपद्धती वेगळी असल्याने एकाच दिवशी एकाच व्यक्तीचे चार वेगवेगळे आकडे दिसू शकतात. एका कंपनीचा मार्चमधील आकडा आणि दुसऱ्या कंपनीचा एप्रिलमधील आकडा यांची तुलना करून ‘घट झाली’ असे म्हणणे योग्य नाही.

यात भर पडते ती परदेशी सल्ल्याची. अमेरिकेत प्रचलित असलेल्या फिको गुणांकपद्धतीत गृहकर्जासाठी अल्पावधीत झालेल्या अनेक चौकशा एकच मानल्या जातात. सूत्राच्या आवृत्तीनुसार हा अवधी १४ ते ४५ दिवसांचा असतो. भारतातील कर्जदाराने मात्र ही सवलत गृहीत धरून दहा बँकांकडे अर्ज करू नयेत. व्याजदरांची तुलना अर्ज न करताही, बँकेच्या शाखेत जाऊन वा जाहीर दरपत्रकावरून करता येते. मग दोन बँका निवडून तेथेच अर्ज करावा आणि कर्ज प्रतिनिधीलाही तशी स्पष्ट सूचना द्यावी.

न पाहण्याची किंमत

अहवाल न पाहिल्याने काय बिघडते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. समजा, धायरीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका दांपत्याने ४० लाख रुपयांचे गृहकर्ज २० वर्षांसाठी घ्यायचे ठरवले. दोघांचेही हप्ते आजवर चुकलेले नाहीत. बयाणा रक्कम देऊन करारनामा झाला आणि बँकेने अहवाल काढला, तेव्हा पतीच्या नावावर सहा वर्षांपूर्वीचे एक क्रेडिट कार्ड थकलेले आढळले. नोकरी बदलताना ते वापरणे बंद केले होते. पण रीतसर रद्द केले नव्हते. वार्षिक शुल्क आकारले गेले, त्यावर व्याज चढले आणि जुन्या पत्त्यावर गेलेली पत्रे कुणाच्या हाती पडली नाहीत.

अशा वेळी कर्ज सरसकट नाकारलेच जाते असे नाही; परंतु ते महाग होऊ शकते. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानदंडाशी जोडली गेली. त्या दरावर बँक जो अधिभार लावते, त्यात कर्जदाराच्या जोखमीचा वाटा असतो आणि तो ठरवताना अनेक बँका पतगुणांक पाहतात. वरील कर्ज ८.५० टक्के दराने मिळाले तर मासिक हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये होतो. ९ टक्के दराने तो सुमारे ३५,९८९ रुपये होतो. दर महिन्याचा फरक १,२७६ रुपयांचा. दर तसाच राहिला, तर २४० हप्त्यांत हा फरक ३ लाख ६ हजार रुपयांच्या घरात जातो. काही शे रुपयांच्या विसरलेल्या शुल्कापायी मोजावी लागणारी ही किंमत होय. तेच खाते सहा महिने आधी अहवालात पाहिले असते, तर थकबाकी भरून खाते बंद करून घेण्यास आणि तशी नोंद होण्यास पुरेसा वेळ मिळाला असता.

चुका कोठे होतात?

अहवालातील काही चुका कर्जदाराच्या दुर्लक्षातून, तर काही नोंदींच्या जुळणीतून उद्भवतात. बँकांकडून आलेली माहिती नाव, जन्मतारीख, पॅन, दूरध्वनी आणि पत्ता यांवरून एका व्यक्तीशी जोडली जाते. महाराष्ट्रात नाव लिहिण्याच्या पद्धती अनेक. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचे नाव पूर्ण, तर कुठे केवळ आद्याक्षर. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची काही खाती माहेरच्या, तर काही सासरच्या नावाने असतात. धायरीसारख्या, गावाचे शहर होत असलेल्या भागात पत्तेही एकसारखे लिहिले जात नाहीत. सर्व्हे क्रमांक, गल्ली, सोसायटी आणि जवळची खूण यांच्या सरमिसळीतून एकाच घराचे चार पत्ते तयार होतात. त्यामुळे स्वतःचे खाते अहवालात न दिसणे किंवा नामसाधर्म्य असलेल्या दुसऱ्याच व्यक्तीचे खाते दिसणे, असे दोन्ही प्रकार संभवतात.

जामीनकीचा प्रश्न याहून नाजूक आहे. सहकारी बँकेत नातलगाला किंवा मित्राला जामीन राहण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. ‘आपण फक्त सही केली,’ असे जामीनदाराला वाटत असते. परंतु ते कर्ज जामीनदाराच्याही अहवालात ‘जामीनदार’ या नात्याने दिसते आणि मूळ कर्जदाराने हप्ते थकवले, तर त्याची झळ जामीनदारालाही बसते. अहवाल पाहिल्याशिवाय ही थकबाकी अनेकदा त्याला कळतही नाही.

लहान रकमांचे व्यवहारही दुर्लक्षित राहतात. दूरचित्रवाणी संच किंवा मोबाइल ‘शून्य टक्के’ हप्त्यांवर घेतला, तर तेही कर्जच असते. मोबाइलवरील ॲपमधून घेतलेली दोन-पाच हजारांची उचल आणि सूक्ष्मवित्त संस्थांकडील छोटी कर्जेही अहवालात नोंदली जातात. अखेरचा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला आणि ते लक्षात आले नाही, तर एवढ्याशा रकमेनेही ‘थकबाकीदार’ हा शिक्का बसतो.

याउलट, नियमित परतफेडीचे श्रेय न मिळण्याचाही प्रकार आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदलेल्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील बँका नव्हेत. त्यामुळे पतसंस्थेचे कर्ज वर्षानुवर्षे चोख फेडले, तरी ती परतफेड सहसा या अहवालात दिसत नाही. भिशीचे तर नावच नको. अशा व्यक्तीच्या अहवालात गुणांकाऐवजी ‘एनएच’ किंवा उणे १ अशी खूण दिसू शकते. तिचा अर्थ पत वाईट असा नसून इतिहास उपलब्ध नाही, इतकाच आहे. केवळ इतिहास नाही, या कारणाने प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने कर्जदात्यांना जानेवारी २०२५ च्या निर्देशांत कळवले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेतही हेच स्पष्ट केले.

अहवाल कसा मिळवावा?

१ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पत माहिती कंपनीने प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा, गुणांकासह संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे धरले जाते. कंपन्या चार असल्याने वर्षात चार मोफत अहवाल मिळू शकतात. ते एकदम न मागवता दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीकडून मागवले, तर वर्षभर लक्ष ठेवता येते. त्याहून अधिक वेळा अहवाल हवा असल्यास कंपनी शुल्क घेऊ शकते. ते १०० रुपयांपेक्षा अधिक असू नये, असे बंधन आहे.

अहवाल संबंधित कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून मागवावा. पॅन क्रमांक, जन्मतारीख आणि मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक यांच्या आधारे ओळख पटवली जाते. मोफत अहवालाची सोय संकेतस्थळावर असतेच. मासिक वा वार्षिक वर्गणीची योजना घेण्याची सक्ती नसते. अन्य ॲपवरून गुणांक पाहताना मात्र संमतीचा मजकूर वाचावा. केवळ गुणांक पाहणे वेगळे आणि ‘तुमच्यासाठी मंजूर कर्ज’ या बटणावर बोट ठेवून अर्ज करणे वेगळे. अर्ज केल्यास ती कर्जदात्याची चौकशी ठरते. दूरध्वनीवर कुणी पॅन वा सांकेतिक क्रमांक मागून ‘सिबिल पाहून देतो’ म्हणाल्यास तो देऊ नये.

कर्जदात्याने अहवाल उघडला की संबंधित व्यक्तीला लघुसंदेश वा ई-मेलने कळवण्याचे बंधनही रिझर्व्ह बँकेने पत माहिती कंपन्यांवर घातले. ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकातील ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू झाली. अर्ज केलेला नसताना असा संदेश आला, तर आपल्या कागदपत्रांवर दुसरेच कुणी कर्ज घेत असल्याची ती पहिली खूण असू शकते. यासाठी मोबाइल क्रमांक बदलल्यास तो बँकेत अद्ययावत करून घ्यावा.

चूक आढळल्यास

अहवालात चूक दिसल्यास त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते; त्यासाठी शुल्क नसते. पत माहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. ती तक्रार संबंधित बँकेकडे पाठवते आणि बँकेने दुजोरा दिल्यावरच दुरुस्ती होते. म्हणून त्याच वेळी बँकेकडेही लेखी अर्ज देणे हिताचे. सोबत कर्ज फिटल्याचा दाखला, खातेउतारा आणि अहवालाची प्रत जोडावी व अर्जाची पोच घ्यावी.

या कामाला कालमर्यादा आहे. बँकेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवावी आणि तक्रारीचा निपटारा एकूण ३० दिवसांत व्हावा. ३० दिवस उलटल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. विलंब बँकेचा असेल तर ती बँकेने आणि कंपनीचा असेल तर कंपनीने द्यायची असते. तक्रारीनंतरही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून पत माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या. रिझर्व्ह बँकेच्या मदत क्रमांक १४४४८ वरून यासंबंधी मार्गदर्शन मिळते.

खरी नोंद मात्र तक्रारीने पुसली जात नाही. ‘पैसे भरा, महिन्यात सिबिल वाढवून देतो,’ अशा जाहिराती करणाऱ्यांपासून सावध राहावे. जी दुरुस्ती योग्य आहे ती कर्जदार स्वतः विनाशुल्क करून घेऊ शकतो आणि जी योग्य नाही ती कुणालाच करता येत नाही.

‘तडजोड’ या शब्दाविषयीही दक्ष राहणे आवश्यक आहे. थकलेल्या कर्जावर बँक काही सूट देऊन खाते मिटवते, तेव्हा अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद होते. कर्जदाराला प्रकरण संपल्यासारखे वाटते. परंतु पुढील बँकेला त्यातून पूर्ण रक्कम फेडली गेली नव्हती, हे दिसते. शक्य असल्यास उर्वरित रक्कम भरून खाते ‘क्लोज्ड’ म्हणून नोंदवून घ्यावे आणि बँकेचा ना-हरकत दाखला जपून ठेवावा.

कर्जापलीकडचा प्रश्न

पतगुणांकाचा प्रभाव आता कर्जापुरता राहिलेला नाही. प्रतिकूल पत अहवालावरून स्टेट बँकेने रद्द केलेली एका उमेदवाराची नियुक्ती मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये अयोग्य ठरवली नाही. वराचा सिबिल स्कोअर कमी असल्याने अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे ठरत आलेला विवाह मोडल्याची बातमी फेब्रुवारी २०२५ मध्ये बरीच गाजली. शेतकऱ्यांना पीककर्ज देताना बँकांनी सिबिलची अट घालू नये, असा इशारा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत दिला. या गुणांकाला किती महत्त्व द्यावे, याविषयी मतभेद असू शकतात. मात्र ज्या कागदावरून आपल्याविषयी मत बनवले जाते, तो आपण स्वतः वाचलेला असावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. कायद्याने अधिकार दिलेल्या संस्थांखेरीज इतरांना तो परस्पर मिळत नाही. ज्याचा अहवाल आहे त्याला मात्र तो केव्हाही मागवता येतो.

घर पाहण्यास सुरुवात करण्यापूर्वी किमान तीन ते सहा महिने पती-पत्नी दोघांनीही आपापले अहवाल मागवावेत. प्रत्येक खाते आपलेच आहे ना, फेडलेली कर्जे बंद दाखवली आहेत ना, जामीनकीच्या खात्यात थकबाकी नाही ना आणि चौकशांच्या यादीत अनोळखी नाव नाही ना, एवढ्या चार गोष्टी तपासाव्यात. दुरुस्तीची तक्रार केल्यास ती पूर्ण झाल्यावर अहवाल पुन्हा पाहून खात्री करावी. बयाणा देण्याची वेळ येईल ती त्यानंतर.